दोन नंबरची पेटी फुटायला आलीय

सोमवार

माझ्या मधमाश्यांच्या दोन नंबरच्या पेटीत राणीचे कोष दिसले, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं. मधल्या चौकटींच्या (ज्यांत माश्या पोळं बांधतात त्या लाकडी फ्रेम) खालच्या काठाला, खाली तोंड करून लोंबणारे. काही अजून नुसत्या वाट्या आहेत, पण दोनांच्या तळाशी पांढरट राजान्न (राणीच्या अळीचं खास अन्न) आणि त्यात वळून पडलेली अळी. नरांची घरं वाढली तेव्हाच संशय आला होता. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, नरांच्या बंद घरावर टोपीच्या बरोबर मधे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. ते एकदा डोळ्यांना सापडलं की कामकरी माशीचं घर कुठलं आणि नराचं कुठलं, यात गफलत होत नाही. आधी नर, मग राण्या, मग घर फुटायचं. क्रम ठरलेला.

संध्याकाळी आण्णांना फोन लावला. आण्णा भुदरगडातले, पाटगावकडचे. जन्म मोहोळं उतरवण्यात आणि पेट्या सांभाळण्यात गेला. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये सरकारी 'मधाचं गाव' झालं, त्यानंतर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव. आण्णांना त्याचं फारसं कौतुक नाही. "माश्या आमच्यात पाटीच्या आधीपासनं हाईत," एवढंच म्हणतात.

"कोष काठाला हाईत का पोळ्याच्या मधी?"

"काठाला. बरेच आहेत."

"मग फुटणार. मधी एखादा-दुसरा असता तर म्हटलं असतं, म्हातारी राणी बदलाय लागल्यात. तोंडं बंद झाल्यात का?"

"अजून नाही."

"मग आज न्हाई जात. पर परवाच्या पुढं थांबू नको."

मंगळवार, रात्री

झोप येईना म्हणून हे लिहिते आहे. नेटवरचे व्हिडिओ पाहून डोकं उठलंय. त्यातले निम्म्याहून अधिक मेलीफेराचे, म्हणजे परदेशी मधमाशीचे. मोठ्या पेट्या, मोठ्या वसाहती, एकेका पेटीतून पंचवीस-तीस किलो मध. आपली सातेरी वर्षाला पाच-दहा किलो देते, आणि ते दिले तरी मोठी कृपा. तिचा स्वभावही वेगळा. त्रास झाला, मुंग्या लागल्या, मेणकिडा झाला, खायला कमी पडलं, तर सगळा संसार टाकून निघून जाते. त्यामुळे "पेटी सोडून गेल्या" आणि "पेटी फुटली" या दोन गोष्टी लोक एकाच दमात बोलतात त्याचा मला राग येतो. सोडून जाणं म्हणजे घराला कंटाळणं. फुटणं म्हणजे घर इतकं भरलं की दोन झाली.

कारणंही तशी साधीच. फुलं वाढली, पराग येऊ लागला, राणीने अंड्यांचा सपाटा लावला, पिल्लं बाहेर पडली. आठ चौकटींच्या पेटीत दाटी होते. राणीच्या अंगच्या गंधामुळे कामकरी माश्या नवी राणी वाढवायला घेत नाहीत. दाटीत तो गंध सगळ्यांपर्यंत पोचत नाही. पिल्लांना भरवणाऱ्या तरुण माश्या पुष्कळ आणि भरवायला अळ्या त्या मानाने कमी. मग काठाला वाट्या बांधल्या जातात. म्हातारी राणी अंडी कमी करते, उडता यावं म्हणून बारीक होते, आणि पहिल्या कोषाचं तोंड बंद झालं की साधारण त्याच सुमाराला निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघते. जुनं घर, साठवलेला मध, पिल्लं, सगळं लेकीला सोडून. आपल्याकडे सासवा किल्ल्यासुद्धा सोडत नाहीत. (हे सासूबाई वाचणार नाहीत अशी आशा.)

आता उपाय. बहुतेक जण सांगतात, कोष खुडून टाका. मला हे पटत नाही. दर आठवड्याला प्रत्येक चौकट झटकून बघायची, आणि पोळ्याच्या एखाद्या खाचेत एकच कोष नजरेतून सुटला की सगळी मेहनत पाण्यात. शिवाय दाटी तशीच राहते. दुसरा सल्ला, दाराला राणीरोधक जाळी लावा. कामकरी माशी त्यातून जाते, राणी जात नाही, पण नरही अडकून दारात मरतात आणि उद्या जन्मणारी कुमारी राणी मिलनाला बाहेर पडू शकत नाही. तिसरा, राणीचा पंख कापा. हा मी वाचून तिथेच बंद केला.

राहिलं विभाजन, म्हणजे एका पेटीच्या दोन करणं. त्यांना जे करायचंय ते आपणच दोन दिवस आधी करून द्यायचं.

बुधवार

ऊन डोक्यावर यायच्या आत केलं. धुराड्यात शेणीचा तुकडा आणि नारळाचं सोडण, धूर अगदी थोडा. सातेरीला जास्त धूर दिला की ती चौकटीवरून पळत सुटते, खालच्या कोपऱ्यात घोस करून लोंबते आणि मग राणी शोधणं म्हणजे जोतिबाच्या चैत्र यात्रेत हरवलेलं माणूस शोधणं. राणी पाचव्या चौकटीवर सापडली. इतरांपेक्षा काळसर, पोट लांब, आणि खरंच बारीक झालेली.

राणी होती ती चौकट, तिच्यावर एकही कोष नाही हे दोनदा बघून, नव्या पेटीत ठेवली. सोबत बंद पिल्लांच्या दोन, मध-परागाची एक, आणि आणखी एका चौकटीवरच्या तरुण माश्या झटकून दिल्या. चारणीला गेलेल्या माश्या सवयीने जुन्या जागीच परततात, म्हणून नव्या पेटीत माश्या थोड्या जास्तच घालाव्या लागतात. तिला परड्याच्या दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली ठेवलं. दार बोटभर. एकास एक साखरपाणी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या रात्रीतच पोचतात.

जुन्या पेटीत दोनच कोष ठेवले, चांगले भरलेले, एकाच चौकटीवरचे. बाकीचे काढले. सगळे ठेवले तर पहिली राणी निघाल्यावर ती काही माश्या घेऊन जाते, मग दुसरी, आणि पेटीत मूठभर उरतात. एकच ठेवला आणि तो पोकळ निघाला तर संपलंच. आण्णा एक ठेवतात. माझी अजून तेवढी छाती नाही.

रविवार

सकाळी अकराच्या सुमाराला शेजारच्या मावशींची हाक. "अगं तुझ्या माश्या सुटल्या बघ!"

माझ्या नव्हत्या. तिन्ही पेट्यांची दारं शांत होती. कुठल्या तरी झाडाच्या ढोलीतून किंवा जुन्या भिंतीतून फुटलेला थवा मावशींच्या शेवग्यावर उतरला होता. पाच मिनिटं आकाश भरून गेलं आणि मग फांदीला हातभर घोस लोंबला. गल्ली गोळा झाली. कुणी टेंभा आणा म्हणालं, कुणी अग्निशमनला फोन करायला निघालं. आग्या मोहोळाची भीती लोकांच्या मनात पक्की आहे, आणि ती खोटी नाही. आग्या चिडला तर माणूस मरतो. पण आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं बांधतो, त्याची माशी जवळपास दुप्पट मोठी. ही सातेरी. थव्यातली माशी तर सर्वांत गरीब: पोट मधाने भरलेलं, राखायला ना घर ना पिल्लं. हे सांगून कुणाला पटलं नाही. बुरख्याशिवाय फांदीपाशी जाऊन उभी राहिले तेव्हा पटलं.

उभी राहिले ते खरं म्हणजे बघायला. घोसाच्या वर काही माश्या नाचत होत्या. सरळ रेषेत पोट हलवत जायचं, वळून परत यायचं, पुन्हा तेच. या नाचाचा अर्थ लावला कार्ल फॉन फ्रिश यांनी, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये पाहिलं की थव्यावर नाचणाऱ्या माश्यांचं अंग परागाने नव्हे तर काजळीने, विटांच्या भुकटीने माखलंय. त्या फुलं नव्हे, घरं शोधून येत होत्या. धुराडी, पडक्या भिंती. एकेक जण आपल्या जागेसाठी नाचते, बाकीच्या जाऊन बघून येतात, हळूहळू एका जागेकडे मत झुकतं आणि मग सगळे उडतात. माझ्या समोरच्या नाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी कळंबा तलावाच्या दिशेला खूण करत होत्या असं मला वाटलं. खात्रीने सांगता येणार नाही. मावशी मागून "काढतीस का न्हाईस?" म्हणून ओरडत होत्या.

पाण्याचा हलका फवारा मारला, खाली बुट्टी धरली, फांदीला एक हिसडा. घोस बुट्टीत. फडकं टाकून सावलीत ठेवली, राहिलेल्या सांजेपर्यंत आत आल्या. अंधार पडल्यावर पेटीत घातल्या, एक नंबरच्या पेटीतली पिल्लांची एक चौकट देऊन. पिल्लं असली की सातेरी सहसा पाय काढत नाही. दाराला जाळी लावली, पण अंडी दिसेपर्यंतच. आत म्हातारी राणी आहे की कुमारी, हे आज कळायला मार्ग नाही, आणि कुमारी असेल तर जाळी तिच्या जिवावर.

पुढचा शुक्रवार

दोन नंबरमध्ये एका कोषाचं टोक गोल कापलेलं, झाकण अजून बिजागरीला लोंबतंय. दुसरा कोष कुशीतून फाडलेला. थोरलीने धाकटीला बाहेर येऊ दिलं नाही.

आता ती काही दिवसांनी उडेल, उंचावर बऱ्याच नरांशी मिलन करेल आणि परत येईल. ही परत येण्याची गोष्ट मला घोर लावते. विजेच्या तारेवर वेडे राघू, हे माश्या टिपून खाणारे पक्षी, ओळीने बसलेले असतात आणि त्यांना राणी आणि कामकरी यांतला फरक करायचं कारण नाही. हुसकावले तर पलीकडच्या तारेवर बसतात.

थव्याच्या पेटीत अंडी आहेत. जाळी काढली.

मार्चचा मध्य

जांभूळ फुलला. गारगोटी रस्त्याने बसमधून येतानाही वास येतो. पांगारा, सावर उतरले, शेवगा अजून चालू आहे, पुढे करंज येईल. लोकांना वाटतं, चहूकडे हिरवंगार ऊस, माश्यांची चैन. उसाचा माशीला काही उपयोग नाही.  माश्या जगतात त्या बांधावरच्या झाडांवर. बांध जितके बारीक होतील आणि झाडं तुटतील, तितकी त्या गुऱ्हाळाकडे वळतात आणि काहिलीत पडून मरतात. एका गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात तिच्यात माश्यांचा थर पाहिला आहे. म्हणून माझ्या पेट्यांपासून जवळच्या गुऱ्हाळाची दिशा मी कायम ध्यानात ठेवते.

आज दोन नंबर उघडली. अंडी. एका घरात एकच, बरोबर तळाशी. (घरात दोन-तीन आणि भिंतीला चिकटलेली असती तर कामकरी माश्याच घालू लागल्या आहेत असं समजायचं, आणि ती पेटी थव्याच्या पेटीशी मधे पेपर घालून जोडावी लागली असती.) आण्णांना सांगितलं. म्हणाले, "राघूनं सोडली म्हणायची. आता वर मधकोठी चढीव, जांभूळ लांबणार न्हाई."

पेट्या आता चार. परड्यात इतक्यांना चारा पुरणार नाही, हे बांधावरची झाडं मोजून कळतंय. पलीकडच्या मळ्यातले काका काकडी करतात, त्यांना एक पेटी हवी आहे, फळ जास्त धरतं असं ऐकून. मी दोन अटी घातल्या: औषध मारायचं ते संध्याकाळी, माश्या आत गेल्यावर, आणि आदल्या दिवशी मला फोन.

काका म्हणाले, "फोन करतो की. पर मध निम्मा माझा."

बोलणी चालू आहेत.