पद्मिनी, आठवडा अकरावा: पत्रा कुठं उघडा करायचा

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काचा, बंपर, सीटा काढून ती ठोकळ्यांवर चढवली, इथवर मागच्या वेळी सांगितलं होतं. त्यानंतर तीन आठवडे काम जवळजवळ बंदच होतं. गाडं एकाच प्रश्नावर अडलेलं: आख्खी बॉडी पत्र्यापर्यंत सोलायची का?

खरं सांगायचं तर माझं उत्तर आधीच ठरलं होतं. नखशिखांत उघड्या पत्र्याची १९८६ ची पद्मिनी, शेजारी हातात ग्राइंडर घेऊन मी, असा फोटो डोक्यात तयार होता. आप्पा आले. उद्यमनगरात आयुष्य रंगकामात गेलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि म्हणाले, "सर, टपावरचा रंग कंपनीचा हाय. त्याला कशाला हात लावतासा?"

मला पटलं नाही. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी आणलं. टपावर सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० च्या घरात असतो, म्हणजे आप्पांच्या पेराला मीटरपेक्षा जास्त कळतं. चारही दारं ३०० च्या वर, म्हणजे एकदा तरी रंगवलेली. उजव्या मागच्या मडगार्डवर आकडा १८०० वर गेला आणि चाकाच्या कमानीजवळ मीटरनं हातच टेकले. मीटर नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथं ते चिकटायचं विसरतं तिथं खाली लांबी आहे, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी.

पण जाडी म्हणजे सगळं नव्हे. म्हणून प्रत्येक भागावर तळहाताएवढी एक खिडकी घासली, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात करून १८० वर. दारांवर कडेकडेनं थर दिसतात: वरचा पांढरा, त्याखाली क्रीम, मग राखाडी सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर), पुन्हा पांढरा, शेवटी प्रायमर. मग ब्लेडनं दोन-दोन मिलीमीटरवर आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. दारांच्या वरच्या भागावर एक चौकट सुटली नाही. असा घट्ट बसलेला रंग उतरवणं म्हणजे निव्वळ हौस. तो घासून त्यावर प्रायमर मारला की झालं.

बॉनेटची गोष्ट वेगळी. त्यावर उन्हाळ्यातल्या रानासारख्या बारीक भेगा, आणि त्या थेट खालपर्यंत गेलेल्या. वरून कितीही सरफेसर चढवा, काही महिन्यांत त्याच भेगा वर येतात. शिवाय थिनरच्या चिंधीनं पुसलं तर रंग चिंधीवर उतरला, म्हणजे जुना एनसी, नायट्रोसेल्युलोजचा रंग. त्यावर टूके (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारलं की काय होतं ते मी स्कूटरच्या पॅनेलवर भोगलंय: दुधावरच्या सायीसारखा सगळा रंग सुरकुतला होता. तेव्हा बॉनेट नागडं, यात वाद नाही.

आता मडगार्ड. वरून फक्त तीन फोड होते, वाटाण्याएवढे. पहिल्यावर पेचकस टेकवला तर आत गेला. मग छिन्नीनं हळूहळू लांबी सोडवली आणि एक आख्खा तुकडाच हातात आला, जाडी ८ मिलीमीटर. उलटा करून बघितला तर पाठीवर तारेच्या जाळीचा ठसा आणि एका कोपऱ्यात कुणाच्यातरी अंगठ्याची खूण, रेषा न् रेषा स्पष्ट. खाली भोक होतं माझ्या पंजाएवढं आणि जाळीमागं नाचणीच्या पिठासारखी तपकिरी भुकटी. लांबी पाणी पिते आणि पत्र्याला पाजत राहते, हे वाचलं होतं. त्या दिवशी बघितलं.

१९६४ ची डिलाइट, मधली प्रेसिडेंट, १९७४ पासूनची पद्मिनी, नावं बदलली तरी कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीला वेगळी चॅसी कधी नव्हती. बॉडीच भार घेते. म्हणून फरशी आणि दाराखालच्या पट्ट्यांच्या बाबतीत मीटर काय म्हणतं हे बघायचंच नाही, तिथं पत्रा बघूनच पुढं जायचं. गाडी ठोकळ्यांवर आहे तोवर दारांच्या फटीही मोजून ठेवा, पट्टी कापल्यावर बॉडी हलली तर कळेल.

सँडब्लास्टिंग, म्हणजे जोरात वाळू मारून रंग-गंज उडवणं, मी फक्त रिम, सीटच्या फ्रेम आणि सस्पेन्शनच्या जाड भागांना करून घेतलं. बॉडीचा पत्रा मिलीमीटरभरही जाड नसतो. एका ओळखीच्यांचं दार ब्लास्टिंगहून पापडासारखं लाटा घेऊन आलेलं बघितलंय. बॉनेटला पेंट रिमूव्हर लावला, कारण ते सुटं करून अंगणात आडवं टाकता आलं. जोडांच्या फटीत तो शिरला तर नव्या रंगाखालून फुगे काढतो, म्हणून बॉडीवर हातानंच, ओला पेपर. ओला अशासाठी की जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकात नको. मास्क तरीही लावाच.

आता माझा गाढवपणा. शनिवारी संध्याकाळी बॉनेट पूर्ण उघडं झालं, आरशासारखं. फोटो काढले. प्रायमर उद्या सकाळी मारू म्हणून शेडच्या दाराशी उभं करून झोपलो. रात्री वळीव आला. सकाळी बॉनेट हळद लागल्यासारखं पिवळं, आणि मधोमध माझ्याच घामेजल्या हाताचा पंजा, पाचही बोटांसकट, गंजात उमटलेला. आप्पा हसले नाहीत, हेच जास्त लागलं. "दिवसाला झाकून हुईल तेवढंच उघडायचं," एवढंच म्हणाले आणि स्वतः पेपर हातात घेतला. पुन्हा दोन तास घासलं, थिनरनं पुसलं आणि दुपारच्या आत एपॉक्सी प्रायमर चढवला.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. मला एपॉक्सीवर लांबी हवी आहे, आप्पांना सरळ पत्र्यावर, "धरती नीट." गाडी माझी असल्यामुळे तूर्त एपॉक्सी.

तर आजचा हिशोब असा: बॉनेट, उजवं मागचं मडगार्ड, चारही दारांची खालची सहा इंच, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, फरशी, पट्ट्या आणि डिकीचा तळ एवढंच पत्र्यापर्यंत. टप, दारांचा वरचा भाग, डॅशबोर्ड फक्त घासायचे. फोटोचा बेत गेला तो गेलाच.

मडगार्डसाठी २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणून ठेवलाय, कमानीचा कागदी साचा डाव्या बाजूवरून उलटा काढलाय. मृगाच्या आत वेल्डिंग उरकायचं आहे. शेडला ताडपत्री मात्र आजच बांधली.