पॅच बगलेत मारून व्हँकुव्हरला: पोस्टग्रेस डेव्हलपर परिषदेचे चार दिवस

माझं रोजचं काम पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या मुक्त डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालणारे डेटाबेस सांभाळण्याचं. त्यात एक दुखणं सारखं डोकं वर काढायचं. कुणीतरी सकाळी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांचा गट) उघडायचं, ते कमिट, म्हणजे पक्कं, करायचं राहून जायचं आणि दुपारपर्यंत टेबलं फुगायला लागायची. साफसफाई करणारा व्हॅक्यूम बिचारा चालूच असायचा, पण डेड रो, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या रोंच्या जुन्या प्रती, काढायचा नाही, कारण उघड्या ट्रान्झॅक्शनला त्या अजून दिसू शकतात असं त्याला धरून चालावं लागतं.

शेवटी मी एक छोटा पॅच, म्हणजे पोस्टग्रेसच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, लिहिला. एक नवी सेटिंग, आणि तिच्यात दिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं की सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ. ट्रान्झॅक्शन तोडायचं नव्हतं. तोडणाऱ्या सेटिंग्ज आहेतच: काहीही न करता उघडं बसलेलं ट्रान्झॅक्शन तोडणारी पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीपासून, आणि एकूण वेळेवर तोडणारी आवृत्ती 17 मध्ये आली. मला फक्त कळायला हवं होतं. पॅच मेलिंग लिस्टवर पाठवला, कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पॅच तपासण्याच्या ठरावीक फेरीत, नोंदवला. चार महिन्यांत दोन उत्तरं आली. एकाने लिहिलं, कोड पीजीइंडेंट या मांडणी नीट करणाऱ्या साधनातून काढा. दुसऱ्याने विचारलं, आणखी एक सेटिंग कशाला? त्यानंतर ते घोंगडं भिजतच पडलं.

2024 च्या मे महिन्यात व्हँकुव्हरला पीजीकॉन्फ.डेव्ह ही परिषद होती, 28 ते 31 तारखेला. पोस्टग्रेसचा गाभा लिहिणारी मंडळी वर्षातून एकदा एकत्र जमतात ती ही जागा. आधी हीच परिषद पीजीकॉन नावाने 2007 पासून ओटावाला भरायची. 2024 ला नाव बदललं, गाव बदललं. 2025 ला ती माँट्रियलला झाली. म्हणजे गाव बदलत राहतं, पण मे महिना आणि कॅनडा हे आजवर टिकून आहे. जायचं मनात असेल तर आदल्या हिवाळ्यातच तयारीला लागा. व्हिसा लागणार असेल तर आयोजकांकडून निमंत्रणपत्र लवकर मागवा. माझा व्हिसा तिकिटाच्या तारखेच्या जेमतेम आठवडाभर आधी हातात आला आणि तोवरची घालमेल आठवली की अजून पोटात गोळा येतो. व्याख्यानाचा प्रस्ताव पाठवणार असाल तर त्याची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते, हेही लक्षात ठेवा.

परिषदेची जागा होती सायमन फ्रेझर विद्यापीठाचं हार्बर सेंटर, शहराच्या मध्यात, वॉटरफ्रंट स्टेशनजवळ. विमानतळावरून स्कायट्रेनची कॅनडा लाइन थेट वॉटरफ्रंटलाच संपते आणि अर्ध्या तासाच्या आत पोचवते, टॅक्सीची गरज नाही. एकच कळकळीचं सांगणं: लांबून येणार असाल तर दोन दिवस आधी या. मी आदल्या रात्री उतरले आणि पहिल्या दिवशी दुपारी तीननंतर कोण काय बोललं, ते मला आजही आठवत नाही.

मधल्या दोन दिवसांच्या व्याख्यानांबद्दल मी फार लिहीत नाही. ती उत्तम होती, पण त्यांचं चित्रीकरण नंतर घरबसल्या पाहता येतं. तिथे जाऊनच मिळतं ते दोन व्याख्यानांच्या मधल्या वेळात, व्हरांड्यात. मी पहिल्या दिवशी एकही व्याख्यान चुकवलं नाही आणि त्यामुळे एकाशीही धड बोलले नाही. तुम्ही असं करू नका. रोज निदान दोन व्याख्यानं सोडायची, हे घरूनच ठरवून या.

त्या आठवड्यात वातावरणात एक वेगळीच गांभीर्याची छटा होती. 17 ची पहिली बीटा (चाचणी आवृत्ती) 23 मे रोजी, म्हणजे पाचच दिवस आधी निघाली होती, आणि तिच्या तोंडावर काही मोठी कामं मागे घेतली गेली होती. त्यातलं एक म्हणजे कालावधीवर आधारलेली प्राथमिक की: एकाच खोलीचं आरक्षण दोन एकमेकांवर येणाऱ्या कालावधींसाठी होऊ नये, अशी अट थेट की मध्येच घालण्याची सोय. काम जानेवारीत कमिट झालं होतं. मग लक्षात आलं की रिकामी रेंज, म्हणजे ज्यात एकही क्षण नाही असा कालावधी, कुठल्याच रेंजवर येत नाही, स्वतःवरसुद्धा नाही. म्हणजे रिकाम्या रेंजचे एकसारखे दोन रो प्राथमिक कीच्या नाकाखालून आत शिरणार! काम मागे घेतलं गेलं, दुरुस्त झालं आणि 18 मध्ये आलं. मला यात सगळ्यात भावलं ते हे की व्हरांड्यात यावर बोलताना कुणाच्या आवाजात दोषारोप नव्हता. रिकाम्या रेंजवरच चर्चा चालली होती, ती कुठे अडवायची आणि त्या तपासाची किंमत किती, एवढीच. मर्ज या कमांडचंही असंच झालं होतं: 2018 मध्ये कमिट होऊन मागे घेतली गेली आणि 2022 ला 15 मध्ये परत आली. आपला पॅच परत आला म्हणून खचणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास माहीत करून घ्यावा.

आता माझ्या पॅचकडे येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कमिटरना गाठलं. कमिटर म्हणजे मुख्य कोडमध्ये थेट बदल घालण्याचा अधिकार असलेले, जगभरात मिळून तीसेक लोक. मी लॅपटॉप उघडला आणि कोड दाखवायला लागले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. पहिलं बोट ठेवलं ते टायमरवर. ठरलेली वेळ झाली की सिग्नल येतो आणि मी त्या सिग्नलच्या हँडलरमधूनच (सिग्नल येताच चालणाऱ्या कोडमधूनच) लॉग लिहीत होते. सिग्नल कुठल्याही क्षणी येऊ शकतो, मेमरी वाटपाच्या अर्ध्यातसुद्धा. त्यामुळे हँडलरने फक्त एक फ्लॅग लावायचा आणि बाहेर पडायचं. खरं काम पुढे, कोड सुरक्षित जागी येऊन व्यत्यय तपासतो तेव्हा करायचं. हे मला माहीत असायला हवं होतं. असंच करणारे टायमआउट त्याच फाइलमध्ये चार ओळी वर होते.

मग त्यांनी लॅपटॉप हलकेच बाजूला सारला आणि विचारलं, तुमचा त्रास नेमका काय आहे? मी म्हटलं, ट्रान्झॅक्शन उघडी राहतात. ते म्हणाले, त्याने काय होतं? टेबलं फुगतात. प्रत्येक उघड्या ट्रान्झॅक्शनने फुगतात का?

इथे माझी बोलती बंद झाली, कारण उत्तर 'नाही' असं आहे. नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर ज्या ट्रान्झॅक्शनने काही लिहिलेलं नाही आणि जे दोन कमांडच्या मध्ये नुसतं बसून आहे, त्याच्याकडे त्या क्षणी स्नॅपशॉट, म्हणजे कुठला डेटा दिसायचा याचं गोठवलेलं चित्र, नसतो. कर्सर (निकाल थोडा थोडा वाचण्याची सोय) उघडा ठेवला नसेल तर ते व्हॅक्यूमला अडवत नाही. माझ्या पॅचने त्याचीही तक्रार लॉगमध्ये टाकली असती. उलट तीन मिनिटंच उघडं असलेलं, पण लिहिणाऱ्या गर्दीच्या वेळी स्नॅपशॉट धरून बसलेलं ट्रान्झॅक्शन कितीतरी जास्त नुकसान करतं, आणि ते माझ्या मिनिटांच्या मोजमापात बसलंच नसतं. व्हॅक्यूमला अडवतो तो एक्समिन, म्हणजे त्या सेशनला अजून दिसू शकणाऱ्या जुन्या रोंची सीमा. ती पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये बॅकएंड_एक्समिन या रकान्यात दिसते. मी घड्याळ मोजत होते. मोजायला हवं होतं एक्समिनचं वय.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. आणखी दोघं येऊन बसले. एकीने आठवण करून दिली की ऑटोव्हॅक्यूमचा लॉग आधीच सांगतो की इतक्या डेड रो अजून काढता येत नाहीत आणि काढण्याची सीमा किती ट्रान्झॅक्शन जुनी आहे. तो सांगत नाही ते एवढंच, की सीमा अडवली कुणी. तिसऱ्याने लगेच हरकत घेतली: सीमा ठरते व्हॅक्यूमच्या सुरुवातीला आणि लॉग लिहिला जातो शेवटी, तोवर अडवणारा निघून गेला तर नाव कुणाचं लिहिणार? शिवाय सगळ्या प्रोसेसची यादी चाळायची म्हणजे त्या यादीचं लॉक घ्यावं लागतं, आणि ते लॉक प्रत्येक स्नॅपशॉटला लागतं. उगाच वेळ धरून चालणार नाही. कागदावर चौकोन काढले गेले, खोडले गेले. माझी नवी सेटिंग त्या चर्चेत कधी गळून पडली ते मला कळलंही नाही, आणि तिचं वाईटही वाटलं नाही.

म्हणून जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: कोड न दाखवता तीन वाक्यांत सांगता येईल असं तुमचं दुखणं तयार ठेवा. कोणता वापरकर्ता, काय करताना, कशाने अडला. पॅच नंतर. तरीही लॅपटॉपवर ताज्या मास्टरवर, म्हणजे मुख्य कोडवर, नव्याने बसवलेला (रिबेस केलेला), तयार होऊन चालणारा कोड असू द्या, कारण "करून दाखवा" असं कुणीही कधीही म्हणतं. वेग वाढल्याचा दावा असेल तर पीजीबेंच या वेग मोजणाऱ्या साधनाचे आकडे सोबत हवेत, आणि ते कोणत्या मशीनवर, किती वेळ चालवून मिळाले हेही.

दुसरं सांगणं त्याहून महत्त्वाचं. तिथे कितीही छान बोलणं झालं तरी तिथे काहीही ठरत नाही. जे लोक आले नाहीत त्यांचंही मत तितकंच मोलाचं असतं, म्हणून निर्णय मेलिंग लिस्टवरच्या लेखी चर्चेतच होतात. बोलणं त्याच रात्री लिहून काढा. मी हॉटेलवर जाऊन बारा मुद्दे लिहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिघांना दाखवले, तर दोन मुद्दे मी चक्क उलटे समजले होते. पुढे चर्चेत मांडताना "अमुक यांनी होकार दिला" असं लिहू नका. युक्तिवाद लिहा, ज्याला तो पटेल तो स्वतःहून बोलेल.

शेवटच्या दिवशी अनकॉन्फरन्स होती. विषय आधी ठरलेले नसतात. ज्याला जो हवा तो मांडतो, हात वर होतात आणि त्यावरून खोल्या वाटल्या जातात. मी आधी मोठ्या खोलीत जाणार होते, पण ऐनवेळी छोट्या खोलीत गेले आणि तेच बरं झालं. माणसं कमी असली की नवख्याचाही आवाज निघतो. खोलीत कुणी टिपणं घ्यायची हे विचारलं गेलं की हात वर करा. टिपणं घेणाऱ्याला "थांबा, हे पुन्हा सांगा" म्हणायचा हक्क आपोआप मिळतो. मला त्या एका तासात रेप्लिकेशन स्लॉट (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला लागणारा डेटा राखून ठेवणारी सोय) जितका कळला तितका वर्षभर वाचून कळला नव्हता.

आणि जाण्याआधी दुसऱ्यांचे पॅच तपासा. जितक्या वजनाचा पॅच तुम्ही देता तितक्याच वजनाचा दुसऱ्याचा एक तपासावा, ही इथली जुनी रीत आहे. कमिटफेस्टमध्ये शेकडो नोंदी असतात आणि टंचाई असते ती तपासणाऱ्यांची. सुरुवात सोपी आहे: पॅच लावा, मेक चेक-वर्ल्ड ही सगळ्या टेस्टची कमांड चालवा, दस्तऐवज वाचा, जे लिहिलंय ते खरंच घडतं का ते करून पाहा. त्यात सापडलेली चूक मोठी असायला हवी असं नाही. मी निघण्याआधी दोन पॅच तपासले होते, आणि व्हरांड्यात मला ओळख दाखवणारी पहिली व्यक्ती त्यातल्याच एका पॅचची लेखिका होती.

वेळेचंही गणित सांभाळा. वर्षात पाच कमिटफेस्ट: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च, आणि एप्रिलच्या सुरुवातीला नव्या सोयींचं दार बंद. मेमध्ये भेटलेल्या लोकांच्या डोक्यात तुमचा विषय ताजा असतो तो जुलैपर्यंतच. मार्चच्या गर्दीत पहिल्यांदा मोठं काम घेऊन गेलात तर ते पुढच्या वर्षावर जाणार हे धरून चाला.

परत आल्यावर मी जुना पॅच स्वतःहून मागे घेतला, कारण लिहिलं, आणि जुलैच्या आत नवा पाठवला. सेटिंग नाही. ऑटोव्हॅक्यूमच्या लॉगमध्ये, काढता न आलेल्या डेड रो असतील तेव्हाच, सीमा कशामुळे अडली ते सांगणारी एक ओळ. सोबत टेस्ट आणि दस्तऐवज. कमिटफेस्टमधले पॅच आपोआप चालवून पाहणाऱ्या सीएफबॉटने विंडोजवरची एक चूक दाखवली, ती दुरुस्त केली. सध्या चौथी आवृत्ती तपासणीत आहे. काल तिच्यावर एक शंका आली: टू-फेज कमिटसाठी, म्हणजे दोन टप्प्यांत पक्कं करण्यासाठी, प्रिपेअर करून ठेवलेलं ट्रान्झॅक्शन कुठल्याच सेशनचं नसतं, तरी सीमा अडवतं, तेव्हा तुमची ओळ कुणाचा प्रोसेस क्रमांक दाखवणार? आत्ताच्या कोडमध्ये ती शून्य दाखवते. आज रात्री त्यावर बसायचं आहे.