अठरा दिवसांची आई

गेल्या शनिवारी डोना नुकला जाऊन आले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशरमध्ये ही जागा आहे. एरवी इथे हवाई दलाचा बॉम्बफेकीचा सराव चालतो, पण नोव्हेंबर-डिसेंबरात हा चिखलवाळूचा पट्टा म्हणजे करड्या सीलचं बाळंतघर. हल्ली दर हिवाळ्यात 2,000हून जास्त पिल्लं इथे जन्मतात.

कुंपणाला लागूनच एक मादी नुकती व्यायली होती. वाळूत वार पडलेली, तिच्यावर सीगलांची झोंबाझोंबी चाललेली. पिल्लू जेमतेम 14 किलोचं, पिवळसर पांढरं जावळ अंगाला ओलंच चिकटलेलं. आई वळली आणि नाकाला नाक लावून त्याचा वास घेत राहिली, कितीतरी वेळ. या वासावरून आणि आवाजावरून ती एवढ्या गर्दीत आपलं पिल्लू ओळखते. म्हणून तर इथले स्वयंसेवक पुन्हा पुन्हा बजावतात, हात लावू नका.

मग ती कुशीवर वळली, पंज्याच्या नखांनी पोट खाजवलं, आणि पिल्लू लुचायला लागलं. म्हशीच्या दुधात 7 टक्के फॅट म्हणजे आपल्याला केवढं कौतुक! सीलच्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांशच असतो. जेमतेम 3 आठवड्यांत पिल्लाचं वजन तिप्पट होतं. या काळात आई मात्र सहसा काहीच खात नाही. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर; ही अंगावरच्या चरबीचंच दूध करून पाजते आणि दिवसेंदिवस वाळत जाते. माझ्या बाळंतपणात आई इथे येऊन राहिली होती, ते आठवून गळा दाटून आला.

साधारण 18 दिवसांनी ती नराशी जुगते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लाकडे परत येत नाही. नवा गर्भ सुमारे 3 महिने नुसता थांबून राहतो, मग रुजतो. म्हणून पुढचं बाळंतपणही याच दिवसांत येतं.

पूर्वी यांची इतकी शिकार झाली की 1914 साली ब्रिटनला संरक्षणाचा कायदा करावा लागला. आज जगातले एक तृतीयांशाहून जास्त करडे सील ब्रिटनभोवती आहेत.

थोडं पुढे एक मोठं पिल्लू एकटंच पडलं होतं. जावळ अर्धं झडलेलं, खालून ठिपक्यांची करडी कातडी दिसत होती. आता साठवलेल्या चरबीवर ते काही आठवडे काढेल, आणि भूक लागली की आपलं आपण पाण्यात उतरेल. मासा कसा धरायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या जावळाचे पांढरे झुपके कुंपणाच्या लाकडाला अडकून वाऱ्यावर हलत होते.