थांबा हं, आत्ता लागेल!

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या ग्रुपवर एकच चर्चा, यंदा सेल किती घ्यायचे, मोठे किती, पेन्सिल सेल किती, आणि मागच्या वर्षीचे होल्डर कोणाच्या घरी आहेत. 28 फेब्रुवारीला शाळेचं विज्ञान प्रदर्शन असतं. रामन परिणामाचा शोध 1928 साली याच तारखेचा, म्हणून 1987 पासून देशभर हा विज्ञान दिन. आदल्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो त्यामुळे मांडव आणि माईक आयताच मिळतो. रिबन, दीपप्रज्वलन, फोटोला हार, स्वागतगीत, पाहुण्यांचं मनोगत हे सगळं नीट पार पडतं, ते दरवर्षी तसंच असतं.

मला सांगायचंय ते पाचवी ते सातवीच्या टेबलांबद्दल. तिथे पोरं इस्त्रीच्या गणवेशात उभी असतात आणि कोणी समोर आलं की एका दमात सुरू होतात, नमस्कार, माझ्या प्रकल्पाचे नाव साधा विद्युत परिपथ, साहित्य एक विद्युत घट, एक दिवा, एक कळ आणि वाहक तारा... सगळं पुस्तकातलं, पाठ केलेलं, डोळे समोरच्या भिंतीवर. मग कळ दाबली जाते आणि बल्ब लागत नाही. हा क्षण मला फार आवडतो. आधी चेहरा पडतो, बाईंकडे बघितलं जातं, आणि मग कार्डशीट उलटी करून पोरगं हाताने तारा चाचपायला लागतं, आणि तेव्हा त्याच्या तोंडून जे येतं ते त्याचं स्वतःचं असतं. 'थांबा हं, आत्ता लागेल, इथनं वायर निसटली असणार, नाहीतर सेल सैल बसलाय, नाहीतर बल्बच्या बुडाला वायर टेकत नाहीये, करंटला परत सेलपर्यंत यायला रस्ता लागतो ना, तो कुठेतरी तुटलाय.' पाठ केलेल्या चार ओळींत परिपथ पूर्ण असावा लागतो हे वाक्य असतंच, पण ते कळलेलं असतं की नाही ते इथे दिसतं. आणि बल्ब लागला की मी दरवर्षी टाळ्या वाजवतो, आजूबाजूला कोणी वाजवो न वाजवो.

मंडळाचं दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे असतं म्हणून हे मला जवळून बघायला मिळतं. दोष ठरलेले असतात. चिकटपट्टी सेल आणि तारेच्या मधेच चिकटवलेली, एलईडीचा लांब पाय निगेटिव्हला, किंवा वाइंडिंगच्या तारेची छोटी मोटर केलेली पण तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, खरवडलेलंच नाही (आणि ते एका टोकाला सगळीकडून आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्याच बाजूने खरवडायचं असतं, नाहीतर मोटर थरथरते आणि थांबते). मी हात लावत नाही, फक्त विचारतो की कुठपर्यंत तपासलंस. सातवीतली एक मुलगी तर स्वतःच एक बल्ब आणि दोन वायर घेऊन प्रत्येक जोड तपासत गेली होती, टेस्टर म्हणून. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं!

लिंबाच्या बॅटरीवरून आमच्या विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेलं अजून आठवतं. लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसायची. पोरं सांगायची लिंबात वीज असते. बाई म्हणायच्या, अरे लिंबू नुसतं मधे बसलंय, संपतंय ते जस्त. एका लिंबातून पाऊण ते एक व्होल्ट येतो म्हणून लाल एलईडी लागायला तीन-चार लिंबं एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडावी लागतात, आणि टॉर्चचा बल्ब मात्र कितीही लिंबं जोडली तरी लागत नाही कारण त्याला लागणारा करंट त्यातून मिळतच नाही. एका मुलाने हट्टाने टोपलीभर लिंबं आणली होती. बल्ब नाही लागला, पण त्या टेबलाशी मुलं दिवसभर उभी होती. दुसऱ्या एका वर्षी आठवीच्या मुलीने 1800 सालचा व्होल्टाचा स्तंभ, म्हणजे सुरुवातीची बॅटरी, केला होता, तांब्याचे वॉशर, जुन्या सेलच्या जस्ताच्या डब्यातून कापलेल्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद, एकावर एक. बक्षीस रिमोटवर चालणाऱ्या, बाजारातून आणलेल्या किटला मिळालं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आणि ते भारनियमनाचं वर्ष. भर दुपारी लाईट गेली, हॉलच्या खिडक्या काळ्या कागदाने झाकलेल्या, मिट्ट अंधार. चार्टवाले गप्प झाले पण सेलवाल्या पोरांनी आपापली बटणं दाबली, जोड्या लावा बोर्ड, पवनचक्कीवरचा दिवा, पाण्याची टाकी भरली की वाजणारा बझर, सगळं चालू! त्या दिवशी एकसर आणि समांतर जोडणीतला फरकही पोरांनी अंधारातच दाखवला, एक बल्ब काढला तर कुठे सगळे विझतात आणि कुठे बाकीचे चालू राहतात ते.

आता एक बोलायचंय ते बोलतोच. स्नेहसंमेलनाला खुर्च्या कमी पडतात, पालक भिंतीवर बसून नाच बघतात, आणि विज्ञान प्रदर्शनाला चहा झाला की निम्मी कमिटी गायब. आपल्याच मुलाचा प्रकल्प बघायला दहा मिनिटं मिळत नाहीत? पोरगं सकाळपासून उभं असतं हो, कोणीतरी प्रश्न विचारेल म्हणून. यंदा तरी या, आणि आलात तर पुढे जाऊ नका, कळ दाबायला सांगा.

ज्यांच्यामुळे हे होतं त्यांची आठवण काढायलाच हवी. विज्ञानाच्या दोन्ही बाई, कार्यानुभवाचे सर ज्यांनी सोल्डरिंग शिकवलं आणि भिंतीतल्या 230 व्होल्टच्या प्लगला आठवीच्या खालच्या कोणालाही हात लावू दिला नाही, प्रयोगशाळेचे मामा जे संध्याकाळी प्रत्येक मॉडेलमधून सेल काढून ठेवतात (सेल आतच राहिला की जस्ताचा डबा खाऊन आतलं रसायन बाहेर येतं आणि होल्डर गंजतो), बाजारपेठेतले इलेक्ट्रिकच्या दुकानाचे काका ज्यांनी उरलेल्या वायरीचे तुकडे कधी मोजले नाहीत, टेबलं देणारे मंडपवाले, चार्टवर सुंदर अक्षर काढून देणाऱ्या चित्रकलेच्या बाई, दहावीचा अभ्यास सोडून पाचवीच्या पोरांना मदत करणारी मुलं, आणि रात्री हॉल झाडणाऱ्या दोन्ही मावश्या. कोणी राहिलं असेल तर कृपा करून मला फोन करा, मनात ठेवू नका. हो, वॉचमन काका राहिलेच की! थंडीत जुने सेल गच्चीवर उन्हात ठेवून थोडे जिवंत करून आणायची युक्ती त्यांचीच, आणि त्या सेलवर सरावाचे दोन दिवस निघतात, नवे प्रदर्शनासाठी वाचतात.