आधी उठायची वेळ धरा

मन उदास राहतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही, असं कुणी म्हणालं की 'विचार बदल' हा सल्ला ठरलेला. विचार असे सांगून बदलत नाहीत. दिनक्रम मात्र बदलता येतो, आणि सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी, झोपण्याच्या नव्हे.

झोप ठरवून येत नाही, उठणं ठरवता येतं. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. रोज साडेसहाला उठणारा माणूस सुटीला दहाला उठला, की ही ओढ साठायला साडेतीन तास कमी मिळतात. सकाळचा उजेड चुकतो आणि शरीराचं घड्याळ मागे पडतं. मग रात्री अकराला अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. हातात मोबाइल, एक वाजतो, दोन वाजतात, 'आता चारच तास उरले' हा हिशेब सुरू होतो. दुसऱ्या दिवशी कुणी साधं काही बोललं तरी जिव्हारी लागतं आणि आपण त्याला स्वभावाचा दोष म्हणतो!

म्हणून सातही दिवस उठायची वेळ एकच ठेवा. उठल्यावर तासाभरात 20-30 मिनिटं बाहेर काढा. ढगाळ हवेतही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. कॅफिन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, तेव्हा चहा-कॉफी दुपारी दोनपर्यंतच. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. अंदाजे 20 मिनिटं तळमळत गेली तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत पडा.

पहिल्या आठवड्यात थकवा वाढतो आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. दुपारी 20 मिनिटं पडा, तीनच्या आत, पण सकाळची वेळ मोडू नका. दोन-तीन आठवडे तरी द्या. तान्ह्या बाळाच्या आईला मात्र हे नियम ऐकवू नयेत. रात्रीची एक पाळी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

उरला एकटेपणा. मन खचलं की माणूस फोन टाळतो, फोन टाळला की बोलावणी थांबतात, आणि मन आणखी खचतं. 'भेटू कधीतरी' म्हटल्याने हे चक्र तुटत नाही. वार आणि वेळ ठरवा, शक्यतो चालण्यासाठी. कुणासोबत रोज 30 मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून 5 दिवस, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान 150 मिनिटंही भरतात.

दोन आठवडे सलग उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. झोप अगदी कमी होऊनही अंगात भलताच उत्साह संचारला असेल, तरीही जा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन.