सगळ्यांचं एकच उत्तर चुकलं

मशीन दुरुस्तीला घेण्याआधी तिचा वीजपुरवठा तोडायचा, आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला, आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, टॅगवर नाव लिहायचं, आत कोंडून राहिलेली ऊर्जा मोकळी करायची आणि मग खात्री करूनच हात घालायचा. मेंटेनन्समध्ये याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. यातली एखादी पायरी सुटली तर माणूस जायबंदी होतो, कधी जिवानिशी जातो.

एका कारखान्यात या विषयाचा ऑनलाइन कोर्स बरीच वर्षं चालू होता. हायड्रॉलिक प्रेसवर, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या मशीनवर, चित्रित केलेला नीटनेटका व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. रिपोर्टमध्ये जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘पूर्ण’. माझ्याकडे काम आलं ते एवढंच, की व्हिडिओ जुना वाटतोय, तो इंटरॲक्टिव्ह करून द्या.

अशा कामात पहिली मागणी ठरलेली असते: व्हिडिओ पुढे ढकलता येऊ नये अशी सोय करा. एच-५-पी या इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ बनवण्याच्या साधनात तसा पर्याय एका टिचकीवर मिळतो, पण मला तो आवडत नाही. व्हिडिओ पुढे-मागे नेण्याची पट्टी अडवली म्हणून माणूस बघतोच असं नाही. व्हिडिओ चालू ठेवून तो दुसरीकडे वळतो. शिवाय ज्याला एखादी पायरी पुन्हा शोधायची आहे, त्याची आपण उगाच अडवणूक करतो. मी पट्टी मोकळी ठेवली आणि प्रश्न मात्र टाळता येणार नाहीत असे घातले. मधेमधे विचारलेल्या प्रश्नांचा उपयोग होतो, याला आधारही आहे. २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी २१ मिनिटांच्या व्हिडिओ-व्याख्यानाचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांना प्रश्न विचारले, त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या चाचणीतही ते पुढे राहिले.

प्रश्न कुठे घालायचा, यात खरं कसब आहे. ‘आयसोलेटरला काय लावतात?’ असं विचारून काही कळत नाही, कारण उत्तर दोन सेकंदांपूर्वीच ऐकलेलं असतं. जिथे माणसाला काहीतरी ठरवावं लागतं, तिथे व्हिडिओ थांबला पाहिजे. या व्हिडिओत तशी एक जागा अगदी स्पष्ट होती. कुलूप लागलंय, टॅग लटकतोय, फिटर पॅनलवरचं स्टार्टचं बटण दाबून बघतो आणि प्रेस हलत नाही. तिथे मी व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, ‘आता तुम्ही काय कराल?’ पर्याय दिले ते कामगारांशी बोलताना त्यांच्याच तोंडून ऐकलेले: पाइपचं फिटिंग सैल करायला घेईन, प्रेशर गेज बघेन, सुपरवायझरला बोलावेन.

योग्य उत्तर गेज. प्रेसच्या हायड्रॉलिक सर्किटला अ‍ॅक्युम्युलेटर असतो, म्हणजे नायट्रोजन भरलेली टाकी. त्या वायूच्या दाबाखाली तेल साठून राहतं. वीज गेली, पंप थांबला, तरी अ‍ॅक्युम्युलेटरमधला दाब तसाच असतो. स्टार्टचं बटण दाबून वीज तुटल्याची खात्री पटते. तेलाच्या दाबाबद्दल ते बटण काहीच सांगत नाही. ब्लीड व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा आणि काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा. तसं न करता फिटिंग सैल केलं, तर तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत हाताचं कायमचं नुकसान होऊ शकतं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

चाचणीच्या दिवशी मेंटेनन्सची एक तुकडी संगणकांसमोर बसली. मी मागे उभी राहून बघत होते. प्रश्न आला आणि एकामागून एक सगळ्यांनी ‘फिटिंग सैल करायला घेईन’ निवडलं. नवखे होते तसे हाताखाली माणसं तयार केलेले जुने फिटरही होते. चुकीच्या उत्तरावर व्हिडिओ आपोआप मागे जाऊन तोच भाग दाखवेल, अशी रचना त्या वेळी होती. तो भाग त्यांनी पुन्हा पाहिला. बऱ्याच जणांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

त्यातल्या सगळ्यात अनुभवी फिटरच्या शेजारी मी खुर्ची ओढून बसले. ते चिडले नव्हते, गोंधळले होते.

‘‘काका, हेच का निवडलंत?’’

‘‘मॅडम, व्हिडिओतला माणूस काय करतो? बटण दाबतो, मशीन चालू होत नाही, मग पाना उचलतो. आम्ही तेच शिकलो. मीटर दाखवलाय कुठे यात?’’

मी पट्टी मागे नेली आणि दोघांनी मिळून तो भाग फ्रेम-फ्रेम करून पाहिला. बटणावरचं बोट अगदी जवळून दिसतं. पुढच्याच शॉटमध्ये फिटर पाना लावतो. मधल्या काळात निवेदक म्हणतो, ‘साठलेली ऊर्जा मुक्त करा.’ बस, एवढंच. गेज प्रेसच्या मागच्या बाजूला होता आणि कॅमेरा तिकडे गेलाच नव्हता. शेवटच्या परीक्षेत ‘साठलेली ऊर्जा मुक्त करावी का?’ असा हो-नाहीचा प्रश्न होता. त्याला सगळे ‘हो’ म्हणत आले होते आणि पास होत आले होते.

दुपारी सेफ्टीच्या अधिकाऱ्यांसोबत बैठक झाली. एकाने सुचवलं, प्रश्न अवघड झालाय, पर्याय सोपे करा. मी ठाम नकार दिला. त्या प्रश्नाने आपल्याला जे दाखवलं, ते ‘पूर्ण’च्या हिरव्या खुणांनी इतकी वर्षं झाकलं होतं. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या प्रणालीवरचा रिपोर्ट मी पडद्यावर उघडला: एकूण गुणांचा तक्ता नव्हे, कोणी कोणता पर्याय निवडला ते पान. ते बघितल्यावर सेफ्टीचे प्रमुख स्वतः उठले आणि म्हणाले, चला, प्रेसपाशी जाऊ.

त्याच संध्याकाळी मोबाइलवर नवी क्लिप घेतली. काकांनीच करून दाखवलं. आधी प्रेसच्या वर उचललेल्या प्लेटखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे आधाराचा ठोकळा, बसवला, कारण दाब सोडल्यावर ती आपल्या वजनाने खाली येऊ शकते. हेही जुन्या व्हिडिओत नव्हतं! मग ते प्रेसच्या मागे गेले, ब्लीड व्हॉल्व्ह हळूहळू उघडला आणि काटा शून्यावर टेकेपर्यंत आम्ही कॅमेरा हलवला नाही. त्या शॉटवर निवेदन घातलं नाही, फक्त मोठ्या अक्षरांत सबटायटल दिलं. शॉपफ्लोअरवरच्या आवाजात मोबाइलवर बघणाऱ्याला तेच उपयोगी पडतं.

क्लिप मी प्रश्नाच्या लगेच पुढे जोडली आणि मागे नेणारी रचना काढून टाकली. योग्य उत्तर देणाऱ्याला क्लिप ओलांडून पुढे नेता आलं असतं, पण अंदाजाने बरोबर उत्तर देणारेही असतात. काटा शून्यावर येताना प्रत्येकाने बघावा, असं मला वाटत होतं. चुकीच्या उत्तरावर ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ ऐवजी मी लिहिलं, ‘वीज बंद आहे, पण अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये अजून दाब आहे. फिटिंग सैल केलं तर तेल हातात घुसेल.’ आणखी एक प्रश्न काकांनी सुचवला: प्लेट वर आहे, ब्लॉक नाही, गेज शून्य, हात घालाल का?

तोही घातला. आता कारखान्याने हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचा व्हिडिओ पाठवलाय. त्यावर प्रश्न लिहायला घेण्याआधी मी फिटर लोकांना तो आवाज बंद करून दाखवणार आहे आणि त्यांना काय दिसलं, ते विचारणार आहे.