रोज प्रार्थना करता, मग हे असं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "रोज सकाळी बायबल वाचता, प्रार्थना करता, रविवारची उपासना चुकवत नाही. मग तुमच्याच ह्यांच्या वाट्याला हे दुखणं का?" आमच्या ह्यांच्या किडन्या निकामी झाल्यापासून हा प्रश्न मला भाजीवाल्यापाशी, भाच्याच्या लग्नाच्या पंगतीत आणि सगळ्यात जास्त डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर ऐकावा लागतो. तिथे वेळच वेळ असतो. आठवड्यातून तीनदा, एका खेपेला चार तास. आत माणूस मशीनला जोडलेला असतो आणि बाहेर आम्ही बायका एकमेकींचं वय, जात, देव, मुलांचे पगार, सगळं काढून बसलेलो असतो.

राहुरीकडच्या एक ताई असतात तिथे. त्यांनी मोहटादेवीला नवस बोललाय, मंगळवार धरलाय. त्यांनी मला अगदी सरळ विचारलं, "आम्ही आईला बोललोय. तुम्ही कुणाला काय बोललात?" मी म्हटलं, आमच्यात नवस नसतो. त्या म्हणाल्या, "मग रोज एवढं मागता कशाच्या बळावर?" प्रश्नात खोच नव्हती, काळजी होती. देवाशी कसलाच करार न करता ही बाई मोकळ्या हाताने कशी बसलीय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दुसरी तऱ्हा आपल्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, आणि ती मला जास्त लागते. ते "का" विचारत नाहीत. त्यांना उत्तर माहीत असतं. "ताई, काही कबूल करायचं राहिलंय का बघा. कुणाला क्षमा करायची राहिली असेल. विश्वास थोडा कमी पडतोय." एक प्रार्थनेला आलेले भाऊ तर ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून, घरभर आवाज घुमवून सांगून गेले की, आजपासून डायलिसिस बंद करा, प्रभूने बरं केलंय, आता मशीनवर जाणं म्हणजे अविश्वास. माझे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चप्पल घालून दारात उभे राहिले. डायलिसिस सोडलं तर काय होतं ते त्या भाऊंना ठाऊक नसावं. थोड्याच दिवसांत पाणी छातीत चढतं आणि पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. दुसऱ्याच्या जिवावर असला विश्वास दाखवणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो पाप आहे असं मला वाटत नाही.

दुखण्यामागे कुणाचं तरी पाप असणारच, हा हिशोब जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्याबरोबर शिष्यांनी हेच विचारलं: पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याचा विषय निघतो, तेव्हा तो विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? पुढे तो पश्चात्तापाचं बोलतो, पण ते ऐकत उभे राहिलेल्यांना. मेलेल्यांचा निवाडा तो करत नाही. त्या जन्मांधाला मात्र दृष्टी मिळाली, हे मी लपवत नाही. आमच्याकडे तसं झालेलं नाही.

म्हणून मला प्रेषित पौल जवळचा वाटतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल लिहितो. काटा म्हणजे नेमकं काय, डोळे, ताप की आणखी काही, यावर विद्वानांची हवी तेवढी पुस्तकं आहेत. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला. उत्तर मात्र आलं: "माझी कृपा तुला पुरे आहे." हे वचन आपण किती भिंतींवर लावलंय! फुलं, सूर्योदय, खाली सोनेरी अक्षरं. आमच्याही बैठकीत आहे, सासूबाईंच्या वेळचं. पण ते आलंय एका नकाराच्या पोटात. ज्याला हवं ते मिळालं त्याला नव्हे, ज्याला मिळालं नाही त्याला ते सांगितलं गेलं. हे लक्षात ठेवून वाचलं की ती सोनेरी अक्षरं थोडी कमी चमकतात आणि जास्त उपयोगी पडतात.

आणि हा पौल काही विश्वासाने कच्चा माणूस नव्हता. मिलिता बेटावर त्याने पुब्ल्याच्या बापाच्या अंगावर हात ठेवले आणि त्याचा ताप व हगवण गेली, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की सोबतचा त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बरं केलं नाही, नुसतं ठेवून आलो! त्रफिमाच्या विश्वासाची चौकशी नाही, एक शब्द स्पष्टीकरणाचा नाही. खुद्द तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांवर तर त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असा सल्ला दिलाय. म्हणजे पथ्यपाणी. आमच्या त्या प्रार्थनेवाल्या भाऊंनी ही दोन वाक्यं कधी वाचली असतील का, कोण जाणे.

आता मुख्य गोष्ट. कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण, आणि ते देवाचं दान, कर्मांचं फळ नव्हे, हे आम्ही शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गापासून घोकतो. हे खरं असेल तर माझी सकाळची प्रार्थना ही मजुरी नाही आणि ह्यांची तब्येत हा तिचा पगार नाही. तारणापुरती कृपा फुकट आणि किडनीपुरता व्यवहार, असं दोन वह्यांत लिहिता येत नाही. मिळालेलं माझ्या लायकीने नसेल, तर न मिळालेलंही माझ्या नालायकीने नाही. राहुरीच्या ताईंना मी हे इतक्या शब्दांत सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की मागते मुलासारखी. मूल बापाकडे मागताना काय बोलून ठेवतं? त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमचं पोरगं तर रोजच काहीतरी कबूल करून मागतं."

मग रोज काय करते, हेही सांगते, कारण "मनन" म्हटलं की लोकांना डोळे मिटलेला शांत चेहरा दिसतो. आमच्याकडे पहाट होते ती ह्यांच्या डाव्या हातापासून. मनगटाच्या वर फिस्टुला आहे, म्हणजे शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली. तिथे रोज बोट ठेवून बघायचं असतं. आत रक्त जोरात वाहत असलं की बोटाखाली थरथर लागते, मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तशी. थरथर बंद म्हणजे गाठ धरली, लगेच हॉस्पिटल गाठायचं. ती लागली की मी "लागतेय" म्हणते, हे "प्रभूची स्तुती असो" म्हणतात, आणि मग चहा. ह्यांचा कप अर्धाच, कारण दिवसाचं पाणी मोजून. नंतर शास्त्रभाग, 'उपासना संगीत'मधलं एखादं कडवं आणि प्रार्थना. ह्यांची प्रार्थना लांब, माझी आखूड. कधी कधी मी नुसती नावं घेते: शेजारच्या बेडवरचा कॉलेजचा मुलगा, राहुरीच्या ताईंचे मालक, सुया टोचणारी सिस्टर.

स्तोत्रसंहिता मी आता वेगळी वाचते. पूर्वी 23वं, 91वं, 121वं यांतच माझा मुक्काम असे. आता 13वं जास्त वाचते. हे परमेश्वरा, कुठवर, असा त्यात एकसारखा घोष आहे. आणि 88वं. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीला येतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. असलं स्तोत्र यादीतून कुणी काढून टाकलं नाही, उलट ते मंदिरात गायलं गेलं, याचा मला मोठा आधार वाटतो. ज्या दिवशी मशीनवर ह्यांचं बीपी एकदम उतरतं, पायात गोळे येतात आणि घरी आल्यावर बोलायचीही ताकद नसते, त्या दिवशी "सर्व काही चांगल्यासाठीच" म्हणणाऱ्या माणसापेक्षा 88वं स्तोत्र मला बरं वाटतं. वधस्तंभावरून प्रभूने जे ओरडून म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ते तर 22व्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य आहे. तक्रार ही विश्वासाच्या बाहेरची गोष्ट असती तर ती त्याच्या तोंडी आली नसती.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मंडळीत सगळेच देतात, पण अर्धंच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. 1882 साली नवरा कॉलऱ्याने गेला, मुलगी तान्ही. ऐकू कमी येई म्हणून इंग्लंडमध्ये डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा झाला तो एवढं सगळं सोसल्यावर. सुख मिळेल म्हणून ती बाई ख्रिस्ताकडे आली असं म्हणायची सोय नाही. उरलेलं अर्धं असं, की केडगावला (आमच्या नगरचं नव्हे, दौंडजवळचं) मुक्ती मिशन उभं करून, शेकडो अनाथ मुली आणि विधवा सांभाळून, 1921 साली त्यांना मनोरमा गमवावी लागली. त्यांच्यामागे काम बघणार होती ती हीच मुलगी. रमाबाई पुढच्याच वर्षी, 5 एप्रिलला गेल्या. मधल्या त्या महिन्यांत त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हातावेगळं केलं. त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून मनोरमा गेली, असं म्हणायला कुणी धजेल का? मग आमच्या घरी येऊन ते कसं म्हणवतं?

तेव्हा का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबालाही ते मिळालं नव्हतं. शेवटी देव रागावला तो ईयोबावर नव्हे, कारणं सांगणाऱ्या त्याच्या मित्रांवर. ते मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ न बोलता जमिनीवर बसून होते. तोवर त्यांचं सगळं ठीक चाललं होतं.

विचारायला मात्र येत जा. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी आम्ही सेंटरवर असतो, बाकी दुपारी घरीच. ह्यांना बुद्धिबळाला जोडीदार लागतो आणि मी हरले की ते जास्तच खुशीत येतात, त्यामुळे मला कंटाळा आलाय. येताना केळी आणि शहाळं आणू नका, दोन्हींत पोटॅशियम फार. सफरचंद चालतं, तेही एकच.